जाळीवरचा वेल

"मानूस हाय का?" जाळीबाहेर पाऊल वाजलं की शेजारच्या मावशी आतून आधी हेच विचारायच्या. "मानूसच हाय, मावशी," असं मी म्हटलं की हसत पुढं यायच्या.

आमच्या पिंपळवंडीकडं आलात तर तुम्हालाही दिसेल, उसाला लागून असलेल्या घरांच्या अंगणांना लोखंडी जाळ्या आहेत. मावशींची कालवड बिबट्यानं अंगणातून नेली, तेव्हा मुलानं जाळी बसवली. तो आणि सून रोज चाकणला कंपनीत जायचे. मावशी एकदा एकट्याच उसाच्या बांधावर गवत कापायला गेल्या, तेव्हापासून तो जाताना बाहेरून कुलूप लावायचा.

"बिबट्या मोकळा आन् मी पिंजऱ्यात! काय राव!" मावशी म्हणायच्या.

आमच्या मळ्यात छाटणी चालली होती, तेव्हा त्यांनी माझ्याकडून द्राक्षाची एक काडी मागून घेतली. न्हाणीच्या पाण्यावर ती रुजवली. वेल जाळीवर चढला, तिसऱ्या वर्षी घड लागले. घड जाळीतून बाहेर येईना, म्हणून त्या एकेक मणी माझ्या तळहातावर सोडायच्या. "लई आंबाट हाय," म्हणायच्या आणि पुढचा मणी द्यायच्या.

मग वेल इतका माजला की बाहेरचं दिसेना. एका रविवारी मुलगा कोयता घेऊन आला.

"आई, पाल्यामागं जनावर दबून बसलं तर कळायचं न्हाई."

मावशींनी बुंधा धरला. "ह्यो बी नेतोस? मंग दिसभर मी बघू कुनाकडं?"

"तुला काय झालं तर मी काय करू, सांग ना!" त्याचा आवाज फाटला.

मग मावशींनीच बुंधा सोडला. "कोयता ठिव. कात्री आन. हितं काप, दोन डोळं राखून, तिथनंच पुन्ना फुटंल." त्यांचं बोट जिथं टेकलं, तिथं तो कापत गेला.

वेल पुन्हा फुटायला लागला, त्याच सुमारास शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं बिबट्यानं उचललं. मुलानं चाकणलाच फ्लॅट भाड्यानं घेतला आणि मावशींना तिकडं नेलं.

मी भेटायला गेले. चौथा मजला, दार नुसतंच लोटलेलं.

"हितं कुलूप न्हाई, मावशी," मी म्हणाले.

"न्हाई. पर जायचं कुठं, बाई?"

निघताना त्या लिफ्टपर्यंत आल्या. आत पाऊल टाकायला मात्र तयार नव्हत्या. "वेलाला मी बाहेरून पाणी घालते," मी आतून म्हणाले.

"आगं, त्याला..." त्या बोलायला लागल्या आणि दार मिटलं. उघडायचं बटण मला सापडेपर्यंत लिफ्ट खाली निघाली होती.

त्यानंतर आमची भेट झाली नाही.