विंचू उतरवलेल्या घरचं पाणी

माझ्या सासऱ्यांना विंचू उतरवता यायचा. दिग्रसच्या आसपासच्या खेड्यांत आणि टेकडीवरच्या बंजारा तांड्यात हे सगळ्यांना माहीत होतं. कोणाला विंचू चावला की माणूस धावत यायचा. सासरे त्याच्यासोबत निघायचे, चावलेला पाय हातात धरून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायचे, आणि दुखणं खाली खाली येत बोटाशी थांबायचं. माझा त्यावर विश्वास आहे का, असं विचारू नका. मी अंगणवाडीत काम करते, मुलांची वजनं घेते, लसीच्या तारखा लिहिते. पण लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सरपण ओढताना मला स्वतःला विंचू चावला, तेव्हा "मामाजी!" म्हणून मी जी बोंब ठोकली ती अख्ख्या गावानं ऐकली होती.

विद्या फुकट, पण नेम कडक. पैसा घ्यायचा नाही. जेवत असलं तरी ताटावरून उठायचं आणि त्या ताटावर परत बसायचं नाही. निरोप कोणाचाही असो, जात विचारायची नाही, वैर आठवायचं नाही. आणि ज्या घरचा विंचू उतरवला त्या घरचं पाणी जन्मभर प्यायचं नाही. एक घोट पोटात गेला की विद्या संपली. स्वतःच्या घराला हा नेम नव्हता, नाहीतर माझ्या त्या विंचवानंतर बिचाऱ्यांची पंचाईतच झाली असती. चाळीस वर्षं विंचू उतरवल्यावर या भागात पाणी पिण्याजोगी घरं उरणार किती? लग्नाला निघाले तरी त्यांच्या खांद्याला पाण्याची बाटली असायची. "मामाजी, लग्नाले चालले का फवारनीले?" असं मी चिडवायचे. ते हसायचे, पण बाटली सोडायचे नाहीत.

मोबाइल मी आणला. हे आधीच सांगून टाकते. त्यांचे गुडघे गेले होते, माझा नवरा वणीला कोळशाच्या ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस घरी नाही, आणि मी अंगणवाडीत. म्हातारा माणूस घरी एकटा, म्हणून दिग्रसच्या बाजारातून मोठ्या पडद्याचा फोन घेतला. व्हिडिओ कॉल कसा घ्यायचा तेही मीच शिकवलं. महिना झाला नसेल, तोच विंचवाचा पहिला फोन आला. पुसदकडे दिलेल्या आमच्या गावच्या एका लेकीचा. सासरे फोन हातात धरून माझ्याकडे आले.

"सूनबाई, हे चालते का वो? ज्यानं मले मंत्र देल्ला त्याच्या वक्ती फोनच नोता. आता नेम कोनाले पुसू?"

मी तूर पाखडत होते. सहज बोलून गेले, "मंत्र म्हंजे आवाजच ना मामाजी? देवाले आवाज पोचल्याशी मतलब. लोक आरतीबी मोबाइलवरच लावून राह्यले."

त्यांनी मान हलवली. मी गमतीनं बोलले होते, त्यांनी तो निकाल धरला.

मग काय विचारता! नंबर गावोगाव गेला. सासरे ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि फोन वाजला की हुकूम सोडायचे, "स्पीकर लावा. फोन पायाजवळ धरा. अजून जवळ." पुण्याला बांधकामावर गेलेल्या पोरांचेही फोन येऊ लागले. एवढं होऊन पाण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. घर डोळ्यांनी पाहिलेलं नसलं तरी नाव लक्षात ठेवायचे. "आता पुन्याचंही पानी बंद झालं वाटते," मी म्हणायचे. त्यांना ते आवडायचं. विद्या एवढी लांब जाते याचा त्यांना अभिमान वाटायला लागला होता. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटायचं, कारण पूर्वी रात्री-बेरात्री त्यांना स्कूटीवर बसवून न्यायचं काम माझं होतं.

फाल्गुनातल्या एका दुपारी आम्ही जेवत होतो. तांड्यावरून व्हिडिओ कॉल आला. पाचेक वर्षांची मुलगी, घरामागं रचलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगाशी खेळताना पायाला विंचू चावला होता. मुलगी किंचाळत होती, तिच्या बापाचा हात हलत होता, पडद्यावर कधी पाय दिसे, कधी कुडाची भिंत. सासऱ्यांनी डाव्या हातात फोन धरला आणि ताटावरच मंत्र म्हटला. हळूहळू मुलीचं रडणं कमी झालं, मग थांबलं. "उतरलं," ते म्हणाले. बापानं तिकडून हात जोडले. सासऱ्यांनी फोन खाली ठेवला आणि भाकरी मोडली.

घास तोंडाजवळ नेऊन ते थांबले.

"पोरगी चूप झाली, पाह्यलं ना तुनं?"

"हो ना. उतरलं म्हून."

"पन तिचा पाय कोनं धरला?"

मला समजलं नाही. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी त्या घरात इतकी वर्षं राहून पहिल्यांदा ऐकलं. मंत्र देणाऱ्यानं सगळ्यात शेवटी एक गोष्ट बजावली होती. पाय हातात धरायचा. तो थंड लागला, अंगाला घाम सुटला असला, तर मंत्र थांबवायचा आणि गाडी बोलवायची. "ते आपल्या हातचं नसते. रडनारं लेकरू बरं असते वो बाई. चूप झालं का त्याले हात लावून पाहा लागते." त्यांनी फोन उलट लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. उष्ट्या हातानंच ते उठले. मी स्कूटी काढली.

चढाच्या रस्त्यावर ते मागून एकच सांगत होते, "चाल माय, चाल."

तांड्यावर पोचलो तर घरात चहा चालला होता. मुलगी खाटेवर गोधडी पांघरून पडली होती. तिची आजी म्हणाली, "काकाजी, तुमी कायले तकलीफ घेतली? झोपली ते." सासऱ्यांनी गोधडीखाली हात घातला आणि लगेच काढला. मीही पाय चाचपला. एवढ्या उन्हाच्या दुपारी तो पाय माठाला हात लावावा तसा गार होता, आणि कपाळावर घाम. रोज मुलांना हाताळणारी बाई मी, आणि पडद्यावर मूल गप्प झालेलं पाहून निवांत भाकरी खात होते.

तांड्यातल्या एकाच्या पिकअपमधून तिला दिग्रसच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी तपासताना विचारलं, "इतका वेळ काय करत होते?" मुलीचा बाप खाली मान घालून म्हणाला, "मंत्र झालता, मॅडम." मंत्र कोणाचा ते बाईंनी विचारलं नव्हतं. सासरे भिंतीला टेकून उभे होते, ते पुढे आले आणि म्हणाले, "म्या म्हटला. घरी बसून. उतरलं म्हून म्याच सांगतलं." बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि इंजेक्शन भरायला घेतलं.

संध्याकाळी मुलीला ॲम्ब्युलन्सनं यवतमाळला हलवलं. पुढचे तीन दिवस सासरे नीट जेवले नाहीत. फोन वाजला की माझ्याकडे सरकवायचे. मला त्यांच्यासमोर बसवेना. शेवटी म्हटलं, "मामाजी, चूक माही हाय. चालते म्हून मीच म्हटलं होतं."

"तुनं कुठी मंत्र घेतल्ता?" ते म्हणाले. "नेम माहे होते. ताटावरून उठलो नाही तवाच समजा लागत होतं."

चौथ्या दिवशी मुलगी वाचल्याचं कळलं. ती घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तांड्यावर गेलो. घरच्यांच्या मनात राग नव्हता. उलट, काकाजी धावून आले म्हणून लेकरू वाचलं, असंच ते सगळ्यांना सांगत होते. आजी पाया पडायला वाकली, तर सासऱ्यांनी तिला अडवलं. ते खाटेवर बसले आणि मुलीचा पाय हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही. तिला गुदगुल्या झाल्या, ती हसायला लागली.

"गरम हाय," ते मला म्हणाले. मग आजीला म्हणाले, "पानी दे माय."

आजी जागच्या जागी उभी राहिली. नेम तिलाही माहीत होता. तिनं सुनेशी त्यांच्या गोरबोलीत काहीतरी हळू आवाजात म्हटलं, मग विचारलं, "काकाजी, या घरचं?"

"याच घरचं."

"अन् उद्या कोनाले चावला तं?"

"तं फोन करा. म्या येतो, गाडी घेऊन."

आजीनं माझ्याकडे पाहिलं. मी अडवावं अशी तिची अपेक्षा होती. मला रडू येत होतं, पण मी अडवलं नाही. तिनं तांब्या आणला. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि सगळा रिकामा केला.

मी बाहेर येऊन स्कूटी वळवली. हुकाला त्यांची बाटली लटकत होती, गळ्यापर्यंत भरलेली.