जुलै-ऑगस्टात रुसणाऱ्या कोंबड्या

ज्या गोष्टीशी आपला काडीइतका संबंध नाही तिच्यात हयात घालवण्याचा विक्रम या भूतलावर कोणाच्या नावावर असेल, तर तो माझ्या थोरल्या साडूंच्या. या गृहस्थांनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. केकसुद्धा "बिनअंड्याचा ना?" असं दोनदा विचारून, वर वास घेऊन खातात. आणि दुबईत, देरा भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत बसून त्यांनी बारा वर्षं काय केलं, तर हिंदी महासागरातल्या एका टीचभर बेटांच्या देशात दर महिन्याला किती अंडी घातली जातात त्याचा आलेख काढला. देशाचं नाव सांगत नाही, तिथल्या कोंबड्यांची आमच्या घरात आधीच पुरेशी बदनामी झालेली आहे. कंपनी त्या देशाला जहाजानं अंडी पाठवायची. तिथे कमी पडली की इथून पाठवायची, इतका सरळ धंदा. पण साडूंनी त्याचं शास्त्र केलं होतं.

डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वसाहतीतल्या त्यांच्या हॉलमध्ये, जिथे चारचौघांच्या घरी लग्नाचा फोटो असतो, तिथे तो आलेख असे. चार रंगांत. पाहुणा चहा घ्यायला टेकला की साडू पट्टी घेऊन उभे. माझ्या मेव्हणीनं पाहुण्यांना आधीच फोन करून "विषय काढू नका हं" म्हणून बजावण्याची पद्धत पाडली होती, पण विषय कोणी काढायची गरजच नसे, भिंतच तो काढायची. लोक पावसाचा अंदाज सांगतात, सोन्याचा सांगतात. आमचे साडू सांगायचे, "यंदा मार्चात चांगली वाढ आहे," आणि घरच्या कुठल्या कोंबडीनं पांग फेडल्यासारखे हसायचे. त्यांची मुलगी दहावीत होती. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणायची, "बाबा, नो वन केअर्स."

त्या आलेखाचा कळस म्हणजे जुलै-ऑगस्ट. दरवर्षी या दोन महिन्यांत रेघ धपकन खाली आपटायची आणि सप्टेंबरात ताडमाड उडी मारायची. साडूंचा सिद्धान्त असा, की कोंबडी हा मुळात हळवा जीव आहे.

"अहो, त्या उकाड्यात तिचं मन लागत नाही. रुसते ती. सप्टेंबरात पुन्हा हुरूप येतो."

"भावजी, पण तिथे बारा महिने सारखंच उकडतं ना?" माझ्या बायकोनं एकदा विचारलं.

"म्हणूनच तर अभ्यास लागतो!" साडू म्हणाले. दर जून महिन्यात ते मालकाला सांगत, जुलै-ऑगस्टसाठी जास्त कंटेनर पाठवा. आणि मालकाला सल्ला देऊन झाला की आखाती देशातल्या तमाम माणसांप्रमाणे स्वतः वार्षिक रजा टाकून पुण्याला जात. कंटेनर दरवर्षी खपायचे, कारण बेटावरची हॉटेलं भरलेली असायची आणि पर्यटक दिसेल ते ऑम्लेट खायचा. साडूंना वाटे, सिद्धान्त सिद्ध झाला.

मी त्यांना हसायचो. मनापासून, वर्षानुवर्षं, चवीनं हसायचो. माझी स्वतःची अक्कल म्हणाल तर दुबईतच ज्या इमारतीला अजून तळमजला नव्हता तिच्या सतराव्या मजल्यावर मी फ्लॅट बुक केला होता, आणि शुक्रवारच्या सुट्टीला कुटुंबाला गाडीत घालून आमच्या वाळूचं दर्शन घडवून आणत होतो. दोन हजार आठ साल संपताना मंदी आली, क्रेन जागच्या जागी थिजल्या आणि माझी वाळू वाळूच राहिली. तरीही चारचौघांत मूर्ख म्हणून बोट दाखवायला मला साडूच लागायचे.

पुढच्या उन्हाळ्यात बेटावरची हॉटेलं ओस पडली. साडूंनी मात्र आलेखावर श्रद्धा ठेवून नेहमीसारखे जास्तीचे कंटेनर पाठवायला लावले. ते तिथल्या धक्क्यावर पडून राहिले आणि सगळा माल सडला. साडू रजेवरून परतले तेव्हा मालक वाट बघतच बसले होते. पण माणूस न्यायी. म्हणाले, "तुमको आकडा जिसने गलत दिया, उसका नाम लिख के दो. तुम्हारी नौकरी रहेगी. नहीं तो खलास." नोकरी गेली की व्हिसा जाणार, महिनाभरात गाशा गुंडाळावा लागणार, आणि अर्ध्या वर्षात उठवलेल्या पोरीला दहावीला दुसरी शाळा घेणार नाही, तिचं वर्ष बुडणार. मार्चपर्यंत काहीही करून टिकायचं होतं.

त्या शुक्रवारी दोन्ही कुटुंबं आमच्याकडे जेवायला होती. बेटावर मोठी पोल्ट्री एकच, आणि तिथून आकडे पाठवणारा कारकून केरळचा. पानं वाढलेली असतानाच साडूंनी त्याला फोन लावला, स्पीकरवर.

"जुलै-अगस्त में मुर्गी कम अंडा क्यों देती है?"

"मुर्गी? नहीं साब, मुर्गी तो रोज देती है."

"फिर आकडा क्यों गिरता है?"

"वो दो महिना मैं वेकेशन पे जाता साब, केरला. फॉर्म प्यून भरता, जो मन में आया. सप्टेंबर में मैं आके बाकी सब जोड देता."

बारा वर्षांचा सिद्धान्त आमच्या टेबलावर वरण-भाताशेजारी आडवा पडला. मला इतकं हसू फुटलं की ठसका लागला. ज्या दोन महिन्यांत अख्खं आखात रजेवर जातं, ज्या दोन महिन्यांत हे स्वतः पुण्यात मिसळ खात बसतात, त्याच महिन्यांत पलीकडचा माणूसही गावी गेला असेल, एवढं या विद्वानाला बारा वर्षांत सुचलं नाही!

पण फोन चालूच होता. "साब, मेरा नाम मत बोलना. इधर निकाल देगा. बेटी नाइन्थ में है."

साडूंनी फोन ठेवला. शांतपणे भात कालवला.

"चला, नाव मिळालं. उद्याच लिहून द्या," मी म्हणालो.

"हं," साडू म्हणाले.

रविवारी त्यांनी लिहून दिलं. एकच ओळ: आकडे बरोबर होते, अर्थ लावण्यात चूक माझी झाली.

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं?" मी फोनवर अक्षरशः ओरडलो. "आकडे बरोबर होते? पोरीचं वर्ष जाईल!"

"जाईल," ते म्हणाले. "तिला विचारलं मी. अहो, कारकून रजेवर जाणारच. मी बारा वर्षं कोंबडीला दोष देत होतो, आता त्याला देऊ?"

मेव्हणी आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. महिन्याच्या आत घर रिकामं झालं. मुलीचं वर्ष खरोखरच गेलं; पुण्यात ती एक वर्ष उशिरा दहावी झाली आणि, सांगायला हवं म्हणून सांगतो, त्याबद्दल बापाला कधी बोलली नाही.

त्यानंतर मी दुबईत सहा-सात वर्षं राहिलो. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी पत्रावळीवरून विचारायचं, "ते तुमचे अंडेवाले साडू, सांगा ना त्यांची गंमत!" मी सांगायला लागायचो, कोंबडीच्या रुसव्यापर्यंत यायचो, लोक हसायचे. मग मला पाणी आणायला उठावंसं वाटायचं. बायकोनं एकदा गाडीत विचारलं, "पुढचं का नाही सांगत कधी?" मी म्हटलं, "पुढे फारसं हसण्यासारखं नाही." आणि सिग्नल सुटेपर्यंत समोर बघत राहिलो.