पार्किंगमध्ये टांगलेली सायकल

आमच्या आबांना टिळक पुलावर सायकलवरून उतरावं लागलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

आबा म्हणजे माझे वडील. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, फिटर होते. ऐंशी ओलांडली तरी दर रविवारी सकाळी परळहून सायकलने दादरला चैत्यभूमीवर जातात. सायकल इंग्लंडची, हिरवी, मागच्या चाकाच्या पोटात तीन गिअर असलेली. गिरणीतला एक ड्राफ्ट्समन नोकरी सोडून गेला तेव्हा त्याच्याकडून आबांनी ती जुनीच घेतली होती. हँडलवर एक छोटा खटका आहे, त्यावर एक, दोन, तीन असे आकडे. गिअर बदलला की हबच्या आत कुठेतरी टिक टिक सुरू होते. पहिल्या गिअरला मात्र ती गप्प असते. आबा म्हणतात, चढावर तिलाही बोलायला दम उरत नाही.

त्या रविवारी आबा घरी आले ते तोंड पाडून. मी विचारलं, "काय झालं? काही मोडलं का?"

"मोडलं असतं तर बरं झालं असतं," आबा म्हणाले. "चढावर पाय थांबले. उतरून ढकलत होतो, तर मागून शहाळ्यांची हातगाडी घेऊन एक जण आला. म्हणतो, काका, धक्का देऊ का? हातगाडीवाला मला धक्का देणार!"

दिवसभर ते जेवणाशिवाय कशासाठीही तोंड उघडेनात. संध्याकाळी मीच म्हणाले, "आबा, मागचं दातेरी चाक मोठं बसवू. पहिला गिअर हलका होईल."

"इंग्रजांनी काहीतरी विचार करूनच बारीक दिलं असेल ना?"

"इंग्रजांनी दिलं तेव्हा तुमचे गुडघे नवीन होते."

मी एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट आहे. लहानपणी आबा पेडलच्या दांड्याची कॉटर पिन ठोकायचे तेव्हा खालून लोखंडी पाइपाचा आधार धरून मीच बसायचे. हळूहळू हातोडी माझ्याकडे आली आणि आबा पलंगावर गेले. आता काम मी करते आणि ओरडतात ते. हबच्या बारीक भोकातून तेल सोडायचं तेही मीच, पण किती थेंब ते आबा ठरवतात.

चिंचपोकळीच्या एका जुन्या सायकलवाल्याकडे मोठं दातेरी चाक मिळालं. चेन लांब करावी लागली. नव्या चाकावर सायकल दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये उलटी ठेवून फिरवली तेव्हा आबांनी बोटाने पेडल ढकललं, पुन्हा ढकललं आणि म्हणाले, "लोणी आहे."

रविवार यायच्या आत सोसायटीची नोटीस आली. आमची चाळ पाडून टॉवर झाला आहे आणि आम्ही विसाव्या मजल्यावर राहतो. पॅसेजमध्ये सायकली, कुंड्या, चपलांची कपाटं ठेवायची नाहीत, आगीचे नियम आहेत. घरात सायकल ठेवायची तर आबांना किंवा मला बाहेर झोपावं लागलं असतं. मी चेअरमनकडे गेले. चेअरमन आमच्याच जुन्या चाळीतले, समोरच्या खोलीत राहायचे. ते म्हणाले, "तुम्हाला लॉटरीत पार्किंग लागलंय ना? मग तिथे ठेव की."

पार्किंग लागलं होतं हे खरं. गाडी असलेल्या लोकांना न लागता आम्हाला लागलं, याचा राग अर्ध्या इमारतीला होता. पण हे पार्किंग म्हणजे यंत्र होतं. लोखंडी मोठे ट्रे एकावर एक रचलेले, बटण दाबलं की वर-खाली, डावी-उजवीकडे सरकणारे. आमचा ट्रे सगळ्यांत वर.

"त्यात सायकल?" मी विचारलं.

"वाहनच आहे ना? नियमात वाहन म्हटलंय. गाडी असं कुठे म्हटलंय?"

म्हणून आबांनी स्वच्छ पुसून, स्टँडवर लावून, चार कोपऱ्यांना सुतळीने बांधून सायकल त्या ट्रेवर ठेवली. एवढ्या मोठ्या ट्रेवर ती एकटी उभी. ऑपरेटरने बटण दाबलं. ट्रे घरघरत वर गेला. आबा खाली उभे राहून, मान वर करून बघत होते. माझ्या भावाला दुबईच्या विमानात बसवताना ते असेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरने मला लिफ्टपाशी गाठलं. शांत, मिशीवाला माणूस. "मॅडम, आपका ट्रे मशीन खाली दिखा रहा है."

"रिकामा कसा? सायकल आहे ना त्यात."

"साइकिल का वजन नहीं पकड़ता. मशीन समझता है, कुछ है ही नहीं. कोई दूसरी गाड़ी आएगी तो उसी पे बुला लेगा."

आबांना हे सांगितलं तेव्हा ते खूप चिडले. "कुछ है ही नहीं? अख्खं लोखंड आहे ते!" पण यंत्राशी वाद घालता येत नव्हता. शेवटी ऑपरेटरनेच तोड काढली. शेजारच्या बांधकामावरून वाळूच्या गोणी आणून ट्रेवर रचल्या. मशीनला वाटलं, लहान गाडी आली.

पंचाईत अशी की त्याच आठवड्यात मी दुसरं काम काढलं होतं. स्टीलच्या रिमा ओल्या झाल्या की ब्रेक दाबून फक्त समाधान मिळतं, सायकल थांबत नाही. म्हणून मी ॲल्युमिनियमच्या रिमा आणल्या होत्या. हब जुनाच ठेवून एकेक आरा नव्या रिममध्ये ओवला आणि दोन्ही चाकं सरळ केली. सायकल चांगलीच हलकी झाली. मोठ्या अभिमानाने मी ती खाली घेऊन गेले. ऑपरेटरने एका हाताने उचलून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, और हल्का कर दिया?"

"चांगलं झालं ना?"

तो तसाच वळला. जाऊन आणखी एक गोण घेऊन आला. मी जितकं वजन कमी करत होते तितकी वाळू तो वाढवत होता. आम्ही दोघं आपापलं काम चोख करत होतो.

तक्रार केली ती चौदाव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी. त्यांच्याकडे भलीमोठी गाडी होती आणि पार्किंग नव्हतं. गाडी बाहेर रस्त्यावर, तिच्यावर रोज कावळे. ऑफिसला जाताना ते मान वर करून बघायचे, तर आमची सायकल आणि वाळूच्या गोणी सावलीत बसलेल्या. एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले.

"मॅडम, वाळूला पार्किंग आहे आणि मला नाही. हे बरं दिसतं का?"

आतून आबा म्हणाले, "आत या हो. चहा घ्या."

चहा घेता घेता त्यांनीच सुचवलं. त्यांच्या गाडीला मागे सायकल अडकवायचं स्टँड होतं, कधी वापरलं नव्हतं. गाडी आमच्या ट्रेवर ठेवायची, सायकल गाडीच्या मागे अडकवायची. मशीनला वजन मिळेल, सायकलीला जागा मिळेल. रविवारी सकाळी ऑपरेटर ट्रे खाली आणेल, आबा सायकल काढून घेतील.

आबांनी विचार करून म्हटलं, "गोणी काढाव्या लागतील."

"अर्थात काढू, काका."

"मग चालेल."

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका रविवारी आबा पांढरा शर्ट घालून खाली गेले आणि लगेच वर आले. "बाय, ट्रे रिकामा आहे."

"मशीन तसंच दाखवतं, आबा."

"मशीन नाही गो. मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

गृहस्थ पहाटे उठून सहकुटुंब अलिबागला गेले होते आणि सायकल गाडीच्या मागे तशीच होती. मी फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला. बाई मोकळ्या स्वभावाच्या. "अय्या, हो! बोटीत तिकीट तपासणाऱ्या माणसाने विचारलं, सायकलीचं तिकीट? तेव्हा आम्हाला कळलं. आता काय करणार, बोट सुटली होती."

म्हणजे आमची सायकल भाऊच्या धक्क्यावरून समुद्र ओलांडून गेली होती. आबा तर उभ्या जन्मात बोटीत बसले नव्हते.

"मग आता सायकल कुठे आहे?" मी विचारलं.

"हे घेऊन गेलेत. किनाऱ्यावर."

आबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "कुठल्या गिअरला?" ते ओरडले. "वाळूत तिसरा टाकू नका म्हणावं! आणि दोन-तीनच्या मध्ये खटका ठेवला तर पाय मोकळे फिरतात, पडाल!"

"पडलेत आधीच," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी गृहस्थ सायकल घेऊन थेट आमच्याकडे आले. कोपर सोललेलं, हाफ पँटच्या खिशात वाळू. सायकल भरतीच्या पाण्यात आडवी झाली होती. मागचं चाक फिरवलं की टिक टिकच्या जागी करकर ऐकू येत होतं. "काका, काय करायचं ते सांगा, मी करतो," ते म्हणाले. त्यांना वाटलं होतं, आबा रागावतील. आबांनी फक्त चाकाला कान लावला आणि म्हणाले, "उघडायला लागणार."

हब उघडणं हे आमच्या घरात ऑपरेशनसारखं असतं. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. मी बाजूचा नट सोडवला आणि आतला सगळा संसार बाहेर काढला. एकमेकांभोवती फिरणारी छोटी दातेरी चाकं, आस, आणि त्या टिक टिक करणाऱ्या लोखंडी जिभा. प्रत्येक जिभेला केसाएवढी स्प्रिंग. गृहस्थ मांडी घालून बसले आणि मी देईन तो भाग रॉकेलमध्ये धुऊ लागले. ते एका मोठ्या कंपनीत कुठल्यातरी विभागाचे प्रमुख आहेत. दर भाग धुतल्यावर ते आबांना दाखवायचे आणि आबा पलंगावरून म्हणायचे, "परत."

शेवटच्या जिभेची स्प्रिंग माझ्या चिमट्यातून उडाली. आवाज झाला नाही, फक्त नाहीशी झाली. आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो.

"कोणी हलू नका," आबा म्हणाले.

गृहस्थ हळूच उठून फ्रिजपाशी गेले. दारावरचा केळ्याच्या आकाराचा चुंबक काढून त्यांनी गुडघ्यांवर बसून सगळी फरशी केळ्याने पुसली. पलंगाखाली शिरले. तिथून त्यांचा आवाज आला, "काका, इथे टाचणी आहे. इथे एक सेफ्टी पिन आहे. इथे... मिळाली!" ते बाहेर आले तेव्हा केसांत जळमटं होती आणि चेहऱ्यावर एवढा आनंद की आबांनी त्यांना बसायला पलंगावर जागा दिली. तिथे ते कोणालाच बसू देत नाहीत.

हब बंद झाला, तेल सोडलं, चाक फिरवलं. टिक टिक टिक. गृहस्थ ऐकत राहिले. "किती गोड आवाज आहे हो," म्हणाले.

हातगाडीवाल्यानंतर आबा टिळक पुलाला वळसा घालूनच जात होते. पुढच्या रविवारी ते पुन्हा पुलावर निघाले तेव्हा गृहस्थ अडून बसले की आबांनी एकटं जायचं नाही. गाडी मागे राहील. त्यांची बायको चालवायला बसली, ते शेजारी, मी मागे. पुढे पांढऱ्या शर्टातले आबा, हिरवी सायकल, आणि मागे चालत्या माणसाच्या वेगाने, चारी दिवे लुकलुकवत जाणारी भलीमोठी काळी गाडी. आमच्यामागे टॅक्सी, दुधाचा टेम्पो, एक रिकामी बस. कोणी हॉर्न वाजवेना. सगळ्यांना वाटलं, पुढे कोणीतरी बडी असामी आहे. बसथांब्यावरच्या एका माणसाने आबांना नमस्कार केला. आबांनी एक हात सोडून जय भीम केला आणि सायकल डगमगली, तशी गृहस्थ खिडकीतून ओरडले, "काका, हात हँडलवर!"

चढाच्या मध्यावर ट्रॅफिक पोलीस आडवा आला. "कसली रॅली आहे? परवानगी आहे का?"

आबा थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा पाय टाकता आला नसता. "रॅली नाही, साहेब," धापा टाकत म्हणाले, "पहिला गिअर आहे."

पोलिसाने आमच्या गाडीकडे बघितलं. गृहस्थांनी हात जोडले. मग तो काय समजला कोण जाणे, त्याने समोरून येणारी वाहनं हाताने थोपवली आणि आबांना वाट करून दिली. आबा माथ्यावर पोचले, खटका ढकलला, आणि टिक टिक करत दादर पश्चिमेच्या बाजूला उतरून दिसेनासे झाले. गाडीत आम्ही तिघंही टाळ्या वाजवत होतो, आणि त्यामुळे गाडी बंद पडली.

चैत्यभूमीपाशी पोचलो तेव्हा आबा दर्शन घेऊन कट्ट्यावर बसले होते. गुडघे चोळत होते, पण तोंडभर हसू. परतताना मी म्हटलं, आता गाडीत बसा. नाही म्हणाले नाहीत. सायकल गृहस्थांनी घेतली. आबा पुढच्या सीटवर बसले, एसीची हवा स्वतःच्या गुडघ्यांवर वळवून घेतली आणि पुढे वाकून गृहस्थांचे पाय बघू लागले.

"दुसऱ्यात आहे तो," बाईंना म्हणाले. "चढ आला तरी बदलत नाही. हॉर्न द्या बघू जरा."

बाईंनी हॉर्न दिला. गृहस्थांनी दचकून मागे पाहिलं.

"आणखी एक द्या," आबा म्हणाले.