उन्हाळ्यातली काजळी

चष्मा कसा पुसायचा, हे मी दिवसातून वीस वेळा सांगते. कराडात एका चष्म्याच्या दुकानात माझी नोकरी आहे. फ्रेम बसवायची, नाकावरच्या गाद्या बदलायच्या, आणि गिऱ्हाईक उठायला लागलं की त्याला थांबवून सांगायचं: कोरडा पुसू नका हो. आधी नळाखाली धरा, म्हणजे कचकच वाहून जाईल. भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटावर घ्या, हलक्या हातानं फिरवा, परत धुवा, आणि मग हे आम्ही दिलेलं मऊ फडकं. पदर नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. लोक मान डोलावतात आणि दुकानाच्या पायरीवरच शर्टाचं टोक काढून काच घासायला लागतात. असा राग येतो म्हणून सांगू!

पण सगळ्यात जास्त राग आण्णांचा यायचा. आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेतून रिटायर होऊन कडेगावजवळ आमच्या उसाच्या रानात राहायला आले. पट्ट्याचं बक्कल घासून चमकवायची फौजेतली सवय त्यांनी चष्म्याला लावली. दंतमंजन घ्यायचं, टॉवेलचं टोक घ्यायचं आणि घासत बसायचं. नवी काच दोन महिन्यांत ओरखड्यांनी पांढरी.

“आण्णा, हे बक्कल न्हाई!” मी ओरडायची.

“मग काजळी निघायची कशी?” ते विचारायचे.

त्यांचंही खरं होतं. आमच्या अंगणातून समोर साखर कारखान्याचं धुराडं दिसतं. हंगाम चालू झाला की त्याची काजळी गावभर पडते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या पिंपावर, सगळीकडे बारीक काळे कण. आई दिवाळीनंतर पांढरं काही बाहेर वाळत घालतच नाही. त्यामुळे एका वर्षी आण्णा “काचंच्या कडंला काजळी बसतीया गं” म्हणायला लागले, तेव्हा मला नवल वाटलं नाही. दर सुट्टीला मी एसटीनं घरी जायची आणि चप्पल काढायच्या आधी त्यांचा चष्मा काढून घ्यायची. धुवायची. तान्ह्या बाळाच्या मऊ ब्रशनं फ्रेमची खाच साफ करायची. ब्रश काळा व्हायचा, तो त्यांना दाखवायची. धुतलेला चष्मा घालून ते म्हणायचे, “हां, आता जरा बरं.”

मग कारखान्याचा पट्टा पडला. हंगाम संपला, धुराडं थंड झालं. वैशाख आला तशा आईनं पांढऱ्या चादरी परत बाहेर घातल्या. आणि आण्णा अंगणात बसून चष्मा पुसतच होते.

“अजून हाय गं काजळी. मधी क्लिअर दिसतंय, कडंलाच न्हाई.”

अहो, वैशाखात काजळी कुठली? माझ्या डोळ्यांसमोर त्या चादरी पांढऱ्याशुभ्र वाळत होत्या. शेंबड्या पोराला कळलं असतं. मला वाटलं, फ्रेमची कड जाड आहे, तीच आडवी येत असणार. आमच्या मालकांकडून मी त्यांचा नंबर तपासून घेतला, पातळ कडेची फ्रेम निवडली, नव्या काचा बसवल्या. दुकानातल्या नंबर तपासायच्या पाटीवरची शेवटची बारकी ओळसुद्धा आण्णांनी घडाघडा वाचली. मोतीबिंदू तर आधीच काढून झालेला. “डोळे तरण्या पोरासारखे आहेत की तुमचे,” मालक म्हणाले, आणि मी अशी फुगले की जणू ते डोळे मीच बसवून दिले होते. मालक नंबर काढतात, डोळ्याच्या आतलं बघत नाहीत. हे मला चांगलं ठाऊक होतं. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावते, वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवत जा म्हणून. घरच्या माणसाला सांगायचं तेवढं राहिलं.

नवा चष्मा आला तरी त्यांचं पुसणं थांबेना. शेजारी ठेवलेला चहाचा कप हात लागून सांडायचा. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. “वय झालं आता,” आई म्हणायची, आणि आम्ही ते सोडून द्यायचो.

एका रविवारी माझं डोकं फिरलं. चष्मा मी स्वतः धुतला होता, उजेडाकडे धरून बघितला होता, डाग म्हणून नव्हता. आण्णांनी तो घातला, काढला आणि परत टॉवेलनं कडेला घासायला लागले.

“आण्णा, काच सोच्छ हाय! मी ह्याच धंद्यात हाय, मला कळतंय. तुमाला नुसती कुरकुरायची सवय लागलीया.”

आई हसली. आण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

त्यानंतर त्यांनी काजळीचं नाव काढलं नाही. चला, सुटलो एकदाचे, असं मला वाटलं. दुकानात मोठ्या तोऱ्यात सांगितलंसुद्धा, की आमच्या फौजीला शेवटी मी वळण लावलं.

दिवाळी झाली. धुराडं पेटलं. सुट्टीला घरी गेले तर आण्णा अंगणात खुर्चीवर बसले होते. दोन्ही काचांवर काजळी साचलेली, एका काचेवर बोटाचा अख्खा ठसा. दिवसभर चष्मा पुसणारा माणूस तसाच शांत बसून होता.

“आण्णा, चष्मा केवढा मळलाय! पुसला न्हाई व्हय?”

“मळलाय व्हय?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या बाजूला उभी राहून त्यांच्या कानाजवळ हात हलवला. त्यांना कळलं नाही. हात हळूहळू पुढे आणत गेले. तो पार नाकासमोर आला तेव्हा ते दचकून म्हणाले, “काय गं?”

दुसऱ्याच दिवशी सांगलीला डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. यात कडेची नजर आधी जाते आणि मधली बरेच दिवस टिकते, म्हणून पाटीवरची ओळ वाचता येते, असं डॉक्टरांनी समजावलं. गेलेली नजर परत येणार नव्हती. “तक्रार सुरू झाली तेव्हाच आणायला हवं होतं यांना,” ते म्हणाले. रागावले नाहीत. औषधाचे थेंब कसे घालायचे ते मला दाखवलं.

परत येताना एसटीत मी विचारलं, “आण्णा, दिसत नव्हतं तर बोलला का न्हाई?”

“आगं, तूच म्हणालीस न्हवं, काच सोच्छ हाय म्हणून. तुज्या धंद्यातलं तुला कळतंय. मला वाटलं, समद्यांस्नी असंच दिसत आसंल.”

टोमणा नव्हता त्यात. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. तिथं बसून मी अर्धा रस्ता रडले आणि त्यांना ते दिसलं नाही.

थेंब चालू आहेत, ऑपरेशनही करून झालं. पण खूप उशीर झाला होता. मधला तुकडाही हळूहळू गेला. आता चष्म्याचा काही उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरी आंघोळ झाली की आण्णा चष्म्यासाठी हात पुढे करतात. मी घरी गेले की तो धुते: आधी नळाखाली, मग साबणाचा थेंब, मग खाचेत ब्रश, मग मऊ फडकं. दुकानात सांगते अगदी तसंच. त्यात माझी एकही चूक होत नाही.

गेल्या रविवारी असाच धुऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नीट चढवला, दोन्ही काड्या कानांमागे बसवल्या आणि समोर तोंड केलं.

“काय गं, धुराडं चालू झालं का औंदा?”

धुराडं समोरच होतं.

“झालंय आण्णा,” मी म्हणाले. “लय धूर सोडतंय.”