काट्यावरचा भात

अंधेरीला आमच्या ऑफिसच्या इमारतीत सगळ्यांचं मिळून एकच कँटीन आहे. तिथे एक गृहस्थ रोज माझ्यासमोर बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. डबा उघडला की ते पिशवीतून छोटा वजनकाटा काढत, त्यावर वाटी ठेवून आकडा शून्यावर आणत आणि चमच्याचमच्याने भात घालत. चाळीस ग्रॅम झाले की थांबत. जेमतेम चार घास. उरलेला भात झाकून घरी परत नेत.

एकदा न राहवून मी विचारलं, "एवढ्याने भागतं?"

"डाएटवाल्या मॅडमनी चाळीसच सांगितलाय."

"अहो, ते कच्च्या तांदळाचं वजन असणार. शिजल्यावर तो तिप्पट होतो ना."

दुसऱ्या दिवशी ते आपणहून म्हणाले, "विचारलं मॅडमना. कच्चाच होता." मग बराच वेळ रुमालाने काटा पुसत बसले. "आई तेच म्हणायची. एवढासा भात कोण कशाला सांगेल? म्हणून रोज एक डाव जास्त वाढायची. मी ताट मागे ओढायचो. एकदा ओरडलोच, मोजल्याशिवाय वाढायचं नाही म्हणून."

"मग आता पोटभर जेवा की."

"काल रात्री भात मागितला. तिने आधी काटा आणून ठेवला."

"रागावल्यात का?"

"रागावली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "तिला आता तसंच वाढायची सवय झालीय."