तर्जुमाआत्याचं कळ्ळम्

आमच्या तर्जुमाआत्याला मल्याळी येतं, याबद्दल उमरीत कुणालाच शंका नव्हती, कारण तपासून बघायला दुसरं कुणी नव्हतं. नात्यानं ती माझी आत्यासासू. तिचा नवरा पलटणीत होता, त्याच्याबरोबर ती काही वर्षं कोचीनला राहून आली. येताना नारळ खवायची एक विळी आणि एक सवय घेऊन आली. काहीही सांगून झालं की शेवटी म्हणायची, "कळ्ळम्." आम्हांला वाटायचं, "कळलं?" असंच विचारते, तिकडं राहून जीभ वळली असेल बिचारीची. आम्ही माना डोलवायचो, "कळलं, आत्या." मग ती तोंडाला पदर लावायची. आम्ही समजायचो, दात पडलेत म्हणून लाजते.

तर्जुमाआत्या हे नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं. ते उर्दू शाळेत शिकलेले, भाषांतराला तर्जुमाच म्हणायचे. रविवारी दुपारी टीव्हीवर परप्रांतातला सिनेमा लागायचा. गल्लीतल्या बाया सुपात शेंगा घेऊन आमच्याकडं फोडायला यायच्या आणि आत्या तर्जुमा करायची. बंगाली असो, आसामी असो, ती मागं हटत नसे. पण मल्याळी म्हटलं की सरसावून पुढं बसायची.

मी तेव्हा नवी सून, आणि घरात एकटी मॅट्रिक. पडद्याखालच्या इंग्रजी पाट्या वाचायचं काम मीच अंगावर घेतलं होतं. पहिला शब्द लागेपर्यंत पाटी पुसलेली असायची. एकदा कोळ्यांच्या गावातला मल्याळी सिनेमा लागला. पाटीवर सारखं 'सी' दिसू लागलं. मी ठणकावून सांगितलं, "सी म्हणजे बघा." स्पेलिंग जरा वेगळं वाटलं, पण केरळात तसंच लिहीत असतील. बाया शेंगा सोडून बराच वेळ बघत बसल्या. पडद्यावर नुसतं पाणीच पाणी होतं. आत्या सोडली तर समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. पाणी म्हणजे पुरातली गोदावरी.

आत्याचा तर्जुमा मात्र जोरात. मासळीवाली व्यापाऱ्यावर ओरडायला लागली, तर आत्या म्हणाली, "म्हणून राहिली, वांगी किडकी दिली मेल्यानं. कळ्ळम्." टोपल्यात वांगी कुठं आहेत, असं मी विचारलं. "मासळीखाली हायत. कळ्ळम्. तू पाट्या वाच." म्हातारे कोळी समुद्राला हात जोडू लागले. "देवा, सिनेमा सरेपर्यंत लाईट जाऊ देऊ नको म्हणतेत. कळ्ळम्." त्याला तर सगळ्या बायांनी हात जोडले.

आता माझी गंमत ऐका. आमचे हे ट्रकवर ड्रायव्हर. माल घेऊन आसामकडं गेले होते, आणि महिना होत आला तरी खबर नव्हती. मी रोज संध्याकाळी माळवदावर चढून, कपाळाला आडवा हात लावून भोकरच्या रस्त्याकडं बघत उभी राहायची. आपण फार देखण्या दिसतो असं मला वाटे. शेजारीण एकदा खालून म्हणाली, "काय गं, कावळे हाकलून राहिली का? पापड तर दिसंनात." तरी मी जागची हलले नाही. अन्न मात्र खरंच जात नव्हतं. आत्या रोज माझं ताट बघायची.

आणि त्या सिनेमात वादळ आलं. नायिका वाळूत उभी, अगदी माझ्यासारखा हात लावून. लाटांवर नाव आली, रिकामी. किनाऱ्यावरच्या बायांनी ऊर बडवायला सुरुवात केली. आमच्या बैठकीत शेंगांचा आवाज थांबला. सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या आणि मी भोकाड पसरलं.

आत्या शांतपणे म्हणाली, "अगं, मेला न्हाई त्यो. अलीकडच्या गावाला उतरला. डबा इसरला व्हता, आणायला गेला. कळ्ळम्."

"मग त्या बाया का रडून राहिल्या?" मी हुंदके देत विचारलं.

"कांदे चिरून आल्यात. कळ्ळम्."

त्यावर बाया अशा हसल्या की सुपं सांडली. आत्या उठली, ताट वाढून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "तुझा नवरा येतो. जेव."

मी वाट बघत राहिले. पुढं ती काहीच म्हणाली नाही. मला रागच आला. सगळ्यांना कळलं का विचारते, मलाच विचारत नाही. रागारागात दोन भाकरी खाल्ल्या.

हे आले. गाडी घाटात बिघडून अडकले होते. डबा मात्र खरोखरच कुठंतरी विसरून आले. त्यानंतर गल्लीत आत्याच्या मल्याळीवर शंका घ्यायची कुणाची छाती झाली नाही.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा गुडघ्यासाठी मला लातूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिथली सिस्टर केरळची निघाली. मला शहाणपणा मिरवायची खोड जुनीच. माझं नाव, वय, दुखणं सगळं सांगून झाल्यावर मी ऐटीत विचारलं, "कळ्ळम्?"

तिचा हात थांबला. "खोटं? आजी, काय खोटं?"

"खोटं कशाला? कळलं का म्हणून विचारलं."

"नाही हो. आमच्याकडं कळ्ळम् मतलब झूट. थाप."

मी उशीला टेकले. वांगी कळ्ळम्. लाईट कळ्ळम्. डबा कळ्ळम्, कांदे कळ्ळम्. बाई एकेका थापेवर शिक्का मारून देत होती, आणि आम्ही माना डोलवत होतो. तोंडाला पदर दातांसाठी नव्हताच. फक्त त्या ताटापाशी शिक्का मारला नव्हता.

तेवढ्यात डॉक्टर सुई घेऊन आले. "आजी, अजिबात दुखणार नाही."

"कळ्ळम्," मी म्हटलं.

"शाब्बास, लगेच कळलं," डॉक्टर म्हणाले. सिस्टरनं तोंडाला ओढणी लावली.