पुष्पलताबाईंचा मूकपट

दिवाळी सरली की मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडच्या गावांत मंडई नावाची जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. लालबर्ऱ्यापासून रामपायलीपर्यंत कितीतरी मंडप पुष्पलताबाईंच्या नावावर भरले. बाई दिसायला बेताच्याच, पण आवाज असा खणखणीत की शेवटच्या रांगेत डुलक्या घेणारा म्हातारा दचकून उठायचा. नेमकी त्याच गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला श्वासापुरतं भोक राहिलं, त्यावर बाई पदर घेत. पुढच्या हंगामात नाटकमंडळीनं साधा निरोपही पाठवला नाही. माणसं इतकी कशी कोडगी होतात, देव जाणे.

बाईंनी मात्र एकच ध्यास घेतला होता. मंडईतल्या लोकांनी आपल्याला अजून एकदा पाहावं, आणि आवाज नसला तरी ही बाई रडवते, हे कबूल करावं.

घनश्याम हा वारासिवनीचा, लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणारा. त्याच्या जुन्या कॅमेऱ्याचा माईक बिघडलेला आणि रंग हिरवट उमटायचे. नव्या कॅमेऱ्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यानं आणि त्याच्या बायकोनं, साधनानं, काळापांढरा मूकपट करायचं ठरवलं. गोष्ट साधनाची. एकुलता मुलगा खाणीत गाडला जातो, आणि आई रोज त्याचा डबा घेऊन खाणीच्या फाटकाशी उभी राहते. आईच्या कामासाठी दोघं थेट पुष्पलताबाईंच्या दारात गेले. बाईंनी विचारायलाही वेळ दिला नाही, पातळ बदलून तयार.

पहिल्याच दिवशी घोडं अडलं. बाईंचे ओठ काही थांबेनात. जन्मभर संवाद म्हटलेली बाई, सवय जाणार कुठे?

"ओठ हालवू नका जी, बाई," घनश्याम काकुळतीला आला. "तुमी तं भाषण देऊन राह्यल्या!"

"तुमी चूप राहा," साधना म्हणाली आणि तिनं बाईंच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. "घोट तोंडात धरा, माय. गिळू नका."

तोंडात पाणी धरून बाईंनी ती आई उभी केली. फाटकाशी डबा उघडून त्या निवलेल्या भाताला बोट लावून पाहतात आणि मग छाती पिटतात, त्या वेळी दिवा धरलेली साधना हमसून हमसून रडली.

मंडईत मोठा पडदा लागला. मंडईच्या पंचांचे पुढारी महागू पाटील यांनी मोठ्या मानानं बाईंना पहिल्या रांगेत बसवलं. सिनेमा सुरू झाला, आणि थोड्याच वेळात मागून आरडाओरडा.

"आवाज सोड ना बे!"

"मूकपट आहे जी, याले आवाजच नसते," घनश्यामनं माईकवर सांगितलं.

"मंग काहून बलावलं आमाले?" खुर्च्या आपटू लागल्या.

महागू पाटील घाबरले. त्यांनी स्पीकरवाल्याला खूण केली, आणि त्यानं वरातीतलं धडाकेबाज गाणं लावलं. पडद्यावर आई डबा उघडत होती. ढोलाच्या ठेक्यावर तिनं छाती पिटली आणि सारा मंडप हसत सुटला. शिट्ट्या वाजल्या, पोरं नाचू लागली.

बाई ताडकन उठल्या, पडद्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. एके काळी त्यांच्या एका हाकेनं असे मंडप चिडीचूप व्हायचे. त्यांनी दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं, सारा जीव एकवटून ओरडल्या. गळ्यावरचा पदर तेवढा फडफडला.

"अरे, पुष्पलताबाई!" कुणीतरी ओळखलं. लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

महागू पाटील शाल घेऊन धावत आले. "बाई, पुढच्या साली पक्कं! पन गाणं हेच ठेवा हो!"

घनश्याम कॅमेऱ्याच्या पेटीवर डोकं टेकून बसला होता. साधना बाईंना बाजूला घ्यायला पुढं झाली. पण टाळ्या थांबत नव्हत्या, आणि टाळ्या वाजल्या की नमस्कार करायचा, एवढंच त्या अंगाला ठाऊक होतं. बाईंचे हात जोडले गेले, मान लवली. मग आपण काय केलं ते त्यांना कळलं, आणि त्या तिथेच, त्या हसऱ्या लोकांसमोर, मटकन खाली बसल्या.